टायमिंग चेनची खंडेनवमी

काशिराम घरतच्या गाडीच्या पोटात गणपती उठल्यापासून कुणीतरी पैंजण घालून नाचत होतं. गाडी सुरू केली की खळखळ, वेग घेतला की छनछन, आणि बंद केल्यावरसुद्धा शेवटचा एक खण्ण. आळीतली कुत्री तो आवाज ऐकून उठून जायची आणि त्यांच्या जागी भगवानराव टिपणीस येऊन उभे राहायचे. भगवानराव म्हणजे शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर. कुत्री गेलेली परवडायची.

गाडी साधीसुधी नव्हती. विलायती हॅलिडे. लाल, बुटकी, दोन सिटांची, शर्यतीसाठी बांधलेली. तरुणपणी तिनं पुण्याच्या रस्त्यावर भल्याभल्यांना धूळ चारली होती. मिठागरांच्या एका पारशी मालकानं विलायतेला कायमचं जाताना ती काशिरामला देऊन टाकली. का दिली ते विचारू नये. सरकारी मीठ खात्यातल्या कारकुनाला लोक काय काय देतात याची चौकशी करायला सरकारनं वेगळी माणसं नेमली आहेत, आणि त्यांनाही लोक काही ना काही देतातच.

नुसती खळखळ असती तर काशिरामनं ती गाणं म्हणून ऐकली असती. पण त्याच्या आईनं, गुणाबाईनं, गावात जाऊन एका बारशाला भरल्या घरात सांगून टाकलं होतं, "औंदा दसऱ्याला एकवीरेला जाईन ती माज्या पोऱ्याच्या गाडीतून. नायतर जायाचीच नाय." आता गुणाबाई बोलली म्हणजे दगडावर कोरलं. तिच्या जन्मात तिनं दोन शब्द मागं घेतले नव्हते, आणि देवीला बोललेले तर नाहीच.

काशिरामचा चुलतभाऊ शिवा तिथंच बसला होता. शिवाची वाळूची लॉरी. दर दसऱ्याला अर्धं गाव त्या लॉरीत कोंबून तो कार्ल्याला एकवीरेच्या पायथ्याशी नेऊन ओतायचा. तो हसला नाही, चिडवलं नाही, नुसता म्हणाला, "काकी, लॉरीत म्होरं तुजी जागा ठेवतो. डायवरच्या बाजूला. लागंल."

ते "लागंल" काशिरामच्या काळजात टाचणीसारखं रुतून बसलं. घरत भावकीत पहिली पँट त्यानं घातली, पहिली सरकारी खुर्ची त्यानं मिळवली, आणि त्याच्या आईनं वाळूच्या लॉरीतून देवाला जायचं? दसऱ्यापर्यंत गाडी घाट चढली नाही, तर पँट घालून तरी काय उपयोग!

त्यानं उरणच्या बुधाजीला बोलावलं. बुधाजीचा जन्म लाँचची इंजिनं दुरुस्त करण्यात गेला होता. गाडी म्हणजे कोरड्यावरची लाँच, एवढंच त्याचं शास्त्र, आणि ते तो दर्याच्या आवाजावर ताण करून सांगायचा. त्यानं लोखंडी पहार इंजिनाला टेकवली, दुसरं टोक कानाला लावलं आणि डोळे मिटले.

"टायमिंग चेन गेली."

"म्हणजे?"

"तुज्या इंजिनाच्या म्होरल्या बाजूला, झाकनाच्या आत, दोन दातेरी चाकं हायेत. खालचं ल्हान, वरचं मोठं. मदी साकळी. ल्हान चाक साकळी वढतं, साकळी मोठ्याला फिरवते, त्याच्यावर झडपा उघडतात न मिटतात. ही साकळी म्हातारी झाली, लोंबायला लागली. एक दिस दात सोडून उडी मारील, मंग झडप येक बोलंल न पिस्टन दुसराच बोलंल."

"मग नवी साखळी घालू."

"एकटी नाय. दोनी चाकं, साकळी ताणून धरायची पट्टी, सगळा सेट. जुन्या खाल्लेल्या दातांवर नवी साकळी घातली, तर तीबी वरसात म्हातारी."

हे बोलणं भिंतीपलीकडं गेलं आणि भिंतीपलीकडून भगवानराव आले. सल्ला देणाऱ्याला कायद्यानं दंड असता तर पनवेल नगरपालिकेनं सोन्याच्या पाट्या लावल्या असत्या. ते म्हणाले, "घरत, चाकं कशाला बदलता? साखळीच्या दोन कड्या काढा आणि जोडा. आमच्या टपाल खात्यात सायकलींना आम्ही हेच करायचो."

काशिरामला पटलं. सुशिक्षित माणसाला सायकलचा दाखला फार लवकर पटतो. त्यानं बुधाजीला कड्या काढायला सांगितलं. बुधाजीनं झाकण उघडलं, साखळी हातात धरली आणि दाखवलं: कड्या काढल्या तर ती इतकी आखूड होत होती की मोठ्या चाकावर बसेचना, आणि न काढल्या तर झोपाळ्यासारखी झुलत होती. भगवानराव म्हणाले, "मग अर्धी कडी काढा." त्या दिवशी काशिरामनं मनाशी ठरवलं, या माणसाचं पुन्हा ऐकायचं नाही. ऐकायचंच असेल तर उलट करायचं.

नवा सेट आणायचा तर कारखान्याचा अस्सलच, असं ठरवून त्यानं विलायतेला पत्र घातलं. कारखान्याचं सभ्य उत्तर आलं की माल तयार आहे, आपण फक्त आपल्या सरकारचा आयात परवाना पाठवावा. फक्त! ज्यानं हा शब्द लिहिला त्याला मुंबईतल्या त्या कचेरीच्या बाकावर दुपारभर बसवायला हवं होतं.

"साखळी? कसली साखळी?" तिथल्या बाबूनं मान वर न करता विचारलं. "दागिन्यांत धरू की यंत्रांत?"

"यंत्रात. मोटारीची."

"मोटार चालू आहे?"

"नाही. म्हणून तर साखळी—"

"चालू नसलेल्या मोटारीसाठी परवाना मिळत नाही. गाडी चालू असल्याचा दाखला आणा."

काशिराम दाखल्यासाठी मोटारींच्या कचेरीत गेला. तिथला बाबू म्हणाला, गाडी चालवून दाखवा, लगेच दाखला. म्हणजे साखळी आली की गाडी चालणार, गाडी चालली की दाखला मिळणार, आणि दाखला मिळाला की साखळी येणार. मंडळी, हा देश चालतो तो असा. याला बहुधा टायमिंग चेनच नाही. काशिराम परत पहिल्या बाबूकडं गेला आणि हात जोडून म्हणाला, "साहेब, मीही सरकारी नोकर आहे. मीठ खात्यात."

बाबूनं पहिल्यांदा मान वर केली. चेहऱ्यावर बंधुप्रेम पसरलं. "असं होय! मग तुम्हाला तर माहीतच आहे," असं म्हणून त्यानं प्रेमानं सांगितलं, "उद्या या."

आयुष्यभर मिठागरवाल्यांना जे दोन शब्द काशिराम रोज विडा देतात तसे देत आला, ते असे अंगावर आले. त्या बाबूचा त्याला राग आला, पण त्या रागाला धड पाय फुटेनात.

मग उरला मुंबईचा जुन्या सुट्या भागांचा बाजार. नमुन्याला जुनी साखळी हवी म्हणून त्यानं ती बायकोच्या, गोदूच्या, भाजीच्या पिशवीत घातली आणि ठाण्याच्या एस.टी.त मांडीवर घेऊन बसला. मुंब्र्यापर्यंत पिशवीतून काळं तेल ठिबकत होतं. शेजारी पांढरंशुभ्र धोतर नेसलेले एक व्याही लग्न ठरवायला निघाले होते. उतरताना ते काशिरामला जे बोलले त्यावरून ते लग्न कोणत्या घराण्यात ठरत होतं याचा अंदाज येत होता.

निघताना भगवानरावांनी भिंतीवरून बजावलं होतंच, "घरत, एकपदरी साखळी घ्या हां! हलकी असते. दुपदरीचं ओझं इंजिनाला झेपत नाही." बाजारातल्या बोहरी दुकानदारानं दोन सेट समोर टाकले. एक एकपदरी, चकचकीत, आरशासारखा. दुसरा मेणकागदात गुंडाळलेला, ग्रीसनं माखलेला, दुपदरी, जाडजूड.

"सेठ, ये चमकनेवाला घरात लावा, पाहुण्यांना दाखवा," दुकानदार म्हणाला. "ये दुसरा गाडीत लावा."

काशिरामनं जुनी साखळी दोन्हींशेजारी मांडली. जुनी दुपदरी होती आणि मेणकागदातल्या नव्यापेक्षा बोटभर लांबलेली. चाकांचे दात मोजले, जुळले. पण खरं सांगायचं तर दात त्यानं नंतर मोजले. भगवानराव एकपदरी म्हणाले तेव्हाच दुपदरी ठरली होती.

सेट घरी आला, आणि बुधाजीनं हाताचा वास घेत कबूल केलं की माल अस्सल आहे. काशिरामची छाती फुगली. भगवानरावांच्या उलट करावं, हा त्या दिवसापासून त्याचा वेद झाला.

बुधाजीनं जुनं सगळं उतरवलं, रेडिएटर काढून अंगणात उभा केला, खालचं लहान चाक दांड्यावर बसवून टाकलं. मोठ्या चाकावर कारखान्यानं सुईच्या टोकाएवढा खड्डा मारलेला होता. ती खूण लहान चाकावरच्या खुणेसमोर आली पाहिजे. एक दात जरी इकडंतिकडं झाला तरी इंजिनाचं तंत्र बिघडलं. विसर पडू नये म्हणून बुधाजीनं त्या खड्ड्यावर लाँचच्या लाल रंगाचा एक ठिपका दिला. मग हत्यारं पुसली आणि उठला.

"कुठं निघालास?"

"उद्या खंडेनवमी. हत्याराला हात लावायचा नाय. परवा दसऱ्याला उजाडता उजाडता येतो, न सोनं लुटायच्या आदी गाडी घाटात."

काशिरामनं मोठं चाक, साखळी आणि ताणपट्टी घरात आणून देवघरापुढं पाटावर ठेवली. तिथं उंदीरसुद्धा पाय पुसून यायचा. आणि इथंच सगळा घोटाळा झाला.

खंडेनवमीला गुणाबाईनं घरातलं सगळं लोखंड मांडलं: कोयता, विळी, अडकित्ता, काशिरामचा दाढीचा वस्तरा. शेवटी तिची नजर त्या चाकावर गेली. त्याच्यावर एकच लाल ठिपका. तिनं सुनेकडं पाह्यलं.

"गोदू, ही कोनती गो पूजा? एक टिकला? कुंकवाला काय रेशनिंग हाय?"

"मी नाय लावला, आत्याबाई."

"मंग काय चाकाला फुटला?" असं म्हणून गुणाबाईनं तेलात खलवलेलं कुंकू घेतलं आणि पूजा पुरी केली. पाच ठिपके. जाड, अंगठ्यानं दाबलेले, दातांच्या कडेनं एका ओळीत. बुधाजीचा लाल ठिपकासुद्धा कुंकवाखाली गेला. देवीपुढं भेदभाव नको.

दसऱ्याला उजाडताच बुधाजी आला, चाक हातात घेतलं आणि त्याच्या तोंडातली विडी खाली पडली.

"ह्यातली माजी खूण कोनची?"

पाचही ठिपके सख्ख्या बहिणींसारखे दिसत होते. काशिराम म्हणाला, "पुसून बघ की. खालचा खड्डा दिसेल."

बुधाजीनं रॉकेलचा बोळा उचलला आणि दारातून आवाज आला, "हात मोडंल!"

गुणाबाई. हातात कोंबडा. एकवीरेला द्यायचा म्हणून महिनाभर तांदूळ घालून पोसलेला.

"दसऱ्याच्या दिशी, सवाष्णीच्या घरात, कुंकू पुसतोस? तुजी बायको जित्ती हाय ना रं बुधाजी?"

बुधाजीचा बोळा गळून पडला. पहार, पाना, दर्या, वादळ, कशाला न भ्यालेला माणूस, पण कुंकू पुसायचं म्हटल्यावर त्यानं दोन्ही हात पाठीमागं नेले. काशिराम सुधारलेला, विज्ञानावरची मासिकं वाचणारा. त्यानं गोदूकडं पाह्यलं. गोदूनं कपाळावरचं कुंकू सावरलं आणि त्याच्याकडं अशा नजरेनं पाह्यलं की त्याचं विज्ञान मासिकासकट मिटलं.

मग पाचांतला एक निवडायचा ठरला. अंगणात माणसं जमली. जमणारच, रिकामा दिवस, उघडं इंजिन. कुणी म्हणालं पहिला, कारण शुभकार्य पहिल्यापासून. कुणी म्हणालं, चाक देवीपुढं फिरवा आणि थांबेल तो. बुधाजी प्रत्येक ठिपका नखानं हलकेच टोकरून बघत होता आणि गुणाबाई प्रत्येक वेळी खाकरत होती. एवढ्या सगळ्या अक्कलवंतांमध्ये एकाच्याही डोक्यात आलं नाही की ज्या बाईनं अंगठ्यानं ते ठिपके दाबले, ती कोंबडा घेऊन समोर उभी आहे, तिला विचारावं. बाईला पूजा विचारतात, यंत्र कुणी विचारत नाही. असल्या अडाणीपणाला आपल्याकडं व्यवहारज्ञान म्हणतात.

भगवानराव पुढं आले. चष्मा कपाळावर चढवला, चाक निरखलं. "मधला," ते म्हणाले. "साधं आहे हो. आधी एक असेल तर बाई दोन्ही बाजूंनी दोन-दोन लावणार. शोभा म्हणून काही असतं. मधला धरा, घरत."

बुधाजीनं मान डोलावली. "मनाबी वाटतं मदला."

आता इतिहास काढून बघा. भगवानराव म्हणाले कड्या काढा, तोंडघशी पडलो. भगवानराव म्हणाले एकपदरी, दुपदरी निघाली. आणि वर त्यांच्या चेहऱ्यावरचं ते समाधान! निवृत्त माणसाचं, फुकट, चहासाठी थांबलेलं. काशिरामच्या अंगाची लाही झाली.

"कडेचा धर," तो बुधाजीला म्हणाला. "डावीकडचा."

"अरं पन—"

"गाडी कुणाची?"

बुधाजीनं डावीकडचा धरला.

झाकण बसलं, रेडिएटर बसला, पाणी भरलं. काशिरामनं चामड्याची टोपी आणि गॉगल चढवला. शेजारच्या सिटावर गुणाबाई नऊवारी लुगडं खोचून, मांडीवर कोंबडा घेऊन बसली. बुधाजीनं हँडल मारलं. काही नाही. पुन्हा मारलं. काही नाही. तिसऱ्यांदा मारलं आणि धुराड्यातून असा धडाम झाला की कोंबडा गुणाबाईच्या मांडीवरून उडून काशिरामच्या टोपीवर बसला आणि आरवला. पण खळखळ नव्हती! गाडी धापा टाकत, शिंकत, पण चालली. बायकांनी दारातून ओवाळलं. भगवानराव भिंतीवरून म्हणाले, "आवाज बरोबर नाही हं." काशिरामनं ऐकलं नाही. ऐकूच येत नव्हतं.

पळस्प्याच्या नाक्यावर, जिथं गोव्याचा रस्ता फुटतो, दुसरा धडाम झाला. नाक्यावरचा हवालदार पिंपाआड बसला. मग उठून, टोपी झटकून, त्यानं गाडी थांबवली.

"बंदुकीचं लायसन?"

"बंदूक नाही हो, इंजिन आहे."

"इंजिनाचं लायसन?"

पुढं खोपोलीपर्यंत सायकलवाले त्यांना मागं टाकत गेले. एक तर वळून म्हणाला, "काका, ढकलू का?" शर्यतीची गाडी! जिनं पुण्याच्या रस्त्यावर धूळ चारली, तिच्या नाकात आता बैलगाडीची धूळ जात होती. आणि घाटाच्या पहिल्याच चढावर हॅलिडेनं एक दीर्घ उसासा टाकला आणि ती उभी राहिली. काशिरामनं हँडल मारलं, शिव्या दिल्या, हात जोडले. तिन्हींचा परिणाम सारखाच.

खालून गाणं ऐकू आलं. एकवीरेचं, ताशासकट. शिवाची लॉरी.

लॉरी शेजारी थांबली. वरून अख्खा गाव वाकून बघू लागला. शिवा खाली उतरला. हसला नाही, चिडवलं नाही. म्हणाला, "काकी, चल. तुजी जागा ठेवलीय."

काशिरामनं गॉगल काढला नाही. डोळे दिसले असते. "जा आई," तो म्हणाला. "देवी वाट बघतेय."

गुणाबाई हलली नाही. कोंबड्याच्या पाठीवरनं हात फिरवत म्हणाली, "मी काय बोललीवती? पोऱ्याच्या गाडीतून जाईन. गाडी हाय. पोऱ्या हाय. उतरू कशाला?"

"काकी, पन गाडी चालत नाय."

"चालंल आसं मी बोललीवती काय? तुजी लॉरी चालते ना? मंग दोर बांद की रं मेल्या!"

आणि अशी ती मिरवणूक बोरघाट चढली. पुढं वाळूची लॉरी, मागं जाड काथ्याच्या दोरानं बांधलेली लाल विलायती हॅलिडे, तिच्यात चामडी टोपी घालून स्टिअरिंग धरलेला काशिराम आणि राणीसारखी बसलेली गुणाबाई. लॉरीचा सगळा धूर काशिरामच्या तोंडावर येत होता. वरच्या बायका वाकवाकून गात होत्या आणि गाण्यात देवीच्या नावाआड दोराचंही नाव यायला लागलं होतं. एका वळणावर लॉरीतून कुणीतरी ओरडलं, "काशिराम, ब्रेक दाब, आमी पुढं जातोय!" गुणाबाईनं उत्तर दिलं, "जा की, आमालाबी घेऊनच जाशील!" कार्ल्याच्या पायथ्याला ती उतरली तेव्हा आजूबाजूच्या गावांची माणसं बघायला जमली. लॉरीतून आलेल्यांकडं कुणी ढुंकून पाह्यलं नाही.

दुसऱ्या दिवशी बुधाजीनं झाकण उघडलं. दसरा झाला होता, आता पुसायला हरकत नव्हती. गुणाबाईनं स्वतःच पदरानं कुंकू पुसलं आणि मधल्या ठिपक्याखाली बुधाजीचा लाल रंग आणि सुईएवढा खड्डा दिसला. बरोब्बर मधला.

"ह्यो होता," ती म्हणाली. "मी दोनी अंगानं दोन-दोन लावलं."

"आई! मग काल सांगायचं नाही?"

"मना कोनी इचारलं?"

भिंतीवर भगवानरावांची बोटं दिसली, मग चष्मा. "घरत, मधलाच निघाला ना?"

काशिरामनं एक क्षण विचार केला. सत्याचं काय, ते कधीही सांगता येतं. "नाही," तो म्हणाला. "कडेचाच होता. दुसऱ्या कडेचा."

बुधाजीनं मधली खूण जुळवली आणि संध्याकाळी काशिराम एकटाच गाडी घेऊन निघाला. काय धावली! खळखळ नाही, धडाम नाही, नुसता गुरगुरणारा वाघ. घाट ती एका दमात चढली, वर वळली, तशीच खाली आली. तो पराक्रम बघायला घाटात फक्त बकऱ्या होत्या, आणि त्यांतल्याही दोघींनीच मान वर केली.

पुढच्या वर्षी नवरात्र बसलं. काशिरामनं गाडी धुतली, पुसली, अंगणात गुरगुरत उभी केली आणि आईला म्हणाला, "आई, यंदा बघच. एकदम झोकात नेतो."

गुणाबाईनं गाडीभोवती एक फेरी मारली. पुढं वाकून बघितलं, मागं बघितलं.

"ते समदं ठीक हाय रं," ती म्हणाली. "पन दोर कुटं हाय? शिवाला सांग, औंदा नवा आन."